हिरव्या दिव्याखाली

टाकी चौकातल्या खांबावरचा दिवा पिवळा झाला, तेव्हा प्रांजल काळे रसवंतीच्या पुढ्यात पोचली होती. तिनं वर पाहिलं नाही. वर पाहणाऱ्याला आधी धरतात, हे वस्तीतल्या पोरांना एव्हाना कळून चुकलं होतं. दप्तराचा पट्टा घट्ट धरून ती चालत राहिली.

“ए दोन वेण्यावाली! इकडं ये.”

हवालदार सातपुते खुर्चीतून उठलेही नाहीत. मांडीवरच्या टॅबच्या पडद्याकडे बघत त्यांनी नुसती बोटानं खूण केली आणि शिपाई अर्चना घुगे पुढे आली. दप्तर रस्त्याच्या कडेला पालथं झालं. वह्या, कंपासपेटी, डबा. घुगेनं डब्याचं झाकण काढून भाकरीवरची चटणी पेन्सिलीनं उकरून पाहिली. शाळेची पोरं सायकलींवरून, आईबापांच्या स्कूटरवरून शेजारून जात होती आणि त्यांच्यावर दिवा हिरवाच राहत होता. दोन मुली मान वळवून बघत गेल्या. दोघी प्रांजलच्याच वर्गातल्या.

“राहायला कुठं?”

“माळावरच्या वस्तीत.”

“तरीच,” सातपुते म्हणाले.

“तरीच काय, साहेब? रोज विचारता, रोज तेच सांगते.”

“तोंड फार चालतंय. घुगे, हिला जरा बाजूला उभी करा. डोकं थंड होऊ दे.”

शाळेची घंटा चौकापर्यंत स्पष्ट ऐकू यायची. ती झाली, तिचा घुमारा विरला, तरी प्रांजल खांबाखाली उभीच होती. मग सातपुत्यांनी चहा संपवला आणि तिला जायला सांगितलं. वह्या तिच्या तिनंच गोळा केल्या.

कासारवेढ्यात हे खांब जूनमध्ये आले. औद्योगिक वसाहतीतून तांब्याच्या तारा चोरीला जायच्या, बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढल्या जायच्या, आणि दर वेळी पोलिसांची गाडी सगळ्यांत आधी माळावर यायची. माळावरच्या लोकांच्या पणजोबांना इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा रद्द होऊन जमाना झाला, गाडीची वाट मात्र बदलली नाही. त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी, “यंत्राला जात कळत नाही, ते फक्त काळीज वाचतं,” असं पाहुणे म्हणाले, तेव्हा वस्तीतून आलेल्या माणसांनीही मनापासून टाळ्या वाजवल्या.

यंत्राचं सरकारी नाव स्पंदवेध. दिसायला साधा दिव्याचा खांब, वर ताटाएवढी काळी तबकडी. त्या तबकडीतून न दिसणाऱ्या लहरी निघायच्या, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या छातीवर आपटून परत फिरायच्या. काळजाच्या दर ठोक्याला छाती अगदी केसभर हलते; तेवढं हलणं पकडायला लहरींना कपड्यांची अडचण नव्हती. ठोक्यांच्या ठेवणीवरून यंत्र माणूस ओळखायचं आणि ज्याची त्याची नोंद ठेवायचं. खांबाजवळ पोलीस उभा असताना ज्याचे ठोके एकाएकी चढतील, त्याच्या मनात काहीतरी आहे असं यंत्र धरून चालायचं. वस्तीतली पोरं त्याला धडधड्या म्हणायची.

प्रांजलला धडधड्यानं पहिल्यांदा पकडलं ते शाळा सुरू झाल्यावर लगेच. उशीर झाला होता म्हणून ती पळत आली होती. पळणाऱ्या माणसाचं काळीज जसं चालतं तसंच तिचं चालत होतं. दिवा पिवळा झाला. “पळत कुठनं आलीस? काय टाकून आलीस?” इथपासून सुरू झालं आणि “बाप आत असतो का बाहेर?” इथपर्यंत गेलं. बाप टेम्पो चालवतो, असं तिनं सांगितलं. सातपुते आणि घुगे दोघंही हसले. त्या हसण्यात नेमकं काय होतं ते तिला सांगता आलं नसतं, पण त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती लवकर निघाली, सावकाश चालली. रसवंतीपाशी खांब दिसला आणि छातीत धाडधाड सुरू झालं. काल ती पळाली म्हणून काळीज धावलं होतं. आज ती हळू चालत होती आणि ते एकटंच धावत होतं. दिवा पिवळा झाला.

तेव्हापासून हे असंच चाललं. पहिला तास गणिताचा, आणि तो तिच्या हातून जायला लागला. सहामाहीला गणितात ती पहिल्यांदा काठावर आली. रात्री झोप लागेना. लागली तर सातपुत्यांच्या खुर्चीचा आवाज ऐकू येऊन जाग यायची. वर्गात शिपाईमामांच्या बुटांचा आवाज आला तरी तिचे तळवे ओले व्हायचे. कालव्याकडून लांबचा रस्ता तिनं धरून पाहिला. तिथंही दिवाळीनंतर खांब उभा राहिला.

विज्ञानाचे मिटकरी सर प्रतिध्वनीचा धडा शिकवताना खांबाचंच उदाहरण द्यायचे. “आपल्या गावात जगातलं सर्वांत पुढचं तंत्र आहे, मुलांनो. लहर जाते, आपटते, परत येते. विहिरीत हाक मारल्यासारखं. फक्त इथं विहीर म्हणजे माणूस.”

प्रांजलनं हात वर केला. “सर, घाबरलेल्या माणसाचीपण छाती धडधडते ना?”

“धडधडते की.”

“मग यंत्राला कसं कळतं, चोर कोण आणि घाबरलेला कोण?”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हते ते, पण तास संपत आला होता. “ज्यानं काही केलेलं नाही, त्यानं घाबरायचं कारणच काय?”

सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. “हिला विचारा सर, ही रोज घाबरते,” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. प्रांजल खाली बसली. वर्गात तिनं त्यानंतर हात वर केला नाही.

घरी आई, रंजना, कपड्यांच्या कारखान्यातून कमरेत वाकून यायची. प्रांजलनं सांगितलं की तिचं ठरलेलं उत्तर असे. “हो साहेब म्हणायचं आन् पुढं चालायचं. कशाला हुज्जत घालतीस? तुझ्या बापाला तर खांब नसतानापण धरायचे.”

“मग तू कधी विचारलं नाहीस का त्यांना?”

“इचारलं हुतं एकदा.” आईनं एवढंच सांगितलं आणि पीठ मळायला घेतलं. पुढे काय झालं ते प्रांजलनं विचारलं नाही.

जानेवारीत आईला चक्कर आली म्हणून प्रांजल तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि समजावलं, “ही गोळी काळजाला सारखं धावू देत नाही. ठोके सावकाश पडतात. मध्येच बंद करायची नाही.” आई मान हलवत होती. प्रांजल मात्र त्या पाकिटाकडे बघत राहिली.

दोन दिवस तिनं विचार केला. तिसऱ्या दिवशी शाळेला निघण्याआधी अर्धी गोळी पाण्याबरोबर गिळली. चौकात पोचेपर्यंत हातपाय गार पडले होते, डोकं जरा जड झालं होतं. खांब दिसला. मनात भीती तीच होती, तेवढीच. पण छातीत काही नव्हतं. बंद दाराआड कुणीतरी ओरडावं आणि बाहेर आवाज येऊ नये, तसं. दिवा हिरवाच राहिला. सातपुते मोबाइलमध्ये बघत होते. ती त्यांच्या समोरून चालत गेली.

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती प्रार्थनेला हजर होती. गणिताच्या तासाला पहिल्या बाकावर बसली. सराव परीक्षेत तिला चांगले गुण पडले आणि मिटकरी सर म्हणाले, “बघ, मनावर घेतलं की जमतं.”

निकिता भोसलेला हे सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही. निकिता शेजारच्या घरातली, बालवाडीपासूनची मैत्रीण. तिला लहानपणापासून दमा होता. ऑक्टोबरमध्ये झडतीत तिच्या दप्तरातून दम्याचा पंप निघाला, तेव्हा सातपुत्यांनी तो हातात फिरवून पाहिला होता. “हे काय, नशेचं नवीन सामान?” तिनं समजावलं, रडली, पण पंप त्यांनी ठेवून घेतला. बापानं दुसरा आणला. तो ती घरीच ठेवायची. दप्तरात सापडायला नको म्हणून.

“प्रांजे, परीक्षेच्या दिवशी धरलं तर?” निकिता फेब्रुवारीत म्हणाली. तिचे डोळे खोल गेले होते. “मला पण दे की ती गोळी. नुसती मराठीच्या पेपरला. एकदाच.”

प्रांजलनं दिली. तिला वाटलं, आपण हिला वाचवतोय.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी दोघी बरोबरच निघाल्या. नवे पेन, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात प्रवेशपत्रं. गोळ्या घेऊन झाल्या होत्या. माळ उतरताना निकिता एकदा थांबली. “छाती आवळल्यासारखी वाटतेय,” म्हणाली. प्रांजल म्हणाली, “गोळीनं तसंच वाटतं सुरुवातीला. चल.” पुढं आयुष्यभर तिला हे वाक्य आठवणार होतं.

टाकी चौकात पोचेपर्यंत निकिताच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. खांबापाशी येऊन तिनं त्याला हात लावला आणि त्याच्याच बुंध्याशी ती खाली बसली.

“ए, तिथं बसायचं नाही,” सातपुते ओरडले.

“साहेब, तिला दम लागलाय! गाडी बोलवा!”

सातपुत्यांनी आधी वर बघितलं. दिवा हिरवा. मग मांडीवरचा पडदा बघितला. “काही नाही झालेलं. ठोके बघ किती शांत आहेत. पेपरचा अभ्यास झालेला नाही वाटतं? उठव तिला.”

“पडद्याकडं काय बघता, तिच्याकडं बघा!”

“आवाज खाली!”

निकिताचं तोंड उघडं होतं, मासळीसारखं. खांदे वर ओढले जात होते, मान आत जात होती आणि तिच्या डोक्यावर तो दिवा गार हिरव्या उजेडात शांत जळत होता. प्रांजलनं जाणाऱ्या रिक्षेला हात केला. रिक्षा थांबली, तशी सातपुते उठून मध्ये आले. “कुठं निघालात? काय घेतलंय हिनं? झडती झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही.”

प्रांजलनं त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्यांना ढकललं. वर्दीतल्या माणसाला. त्यांनी तिचं मनगट पिरगळलं. तेवढ्यात घुगे निकिताशेजारी गुडघ्यांवर बसली होती. “साहेब,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदललेला होता, “हिचे ओठ निळे पडलेत. दिव्याचं राहू द्या. मी घेऊन जाते.”

घुगे आणि प्रांजलनं निकिताला रिक्षेत घातलं. सातपुते मोटारसायकलवर मागे आले.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी वाफेचं औषध लावलं, सुई दिली, पुन्हा वाफ दिली. फरक पडेना. निकिताचे डोळे मिटायला लागले होते. “नेहमीचं औषध लागूच पडत नाहीये,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि प्रांजलकडे वळल्या. “हिनं सकाळपासून काय खाल्लं? काही घेतलंय का?”

दारात सातपुते उभे होते. कान देऊन.

प्रांजलला कळत होतं, तोंड उघडलं की ते तिला घेऊन जाणार. पेपर गेला, वर्ष गेलं, आई कारखान्यातून धावत येणार, वस्तीत नाव होणार. नाही उघडलं तर काय, तेही समोरच्या पलंगावर दिसत होतं. गोळीनं काळीज अजून सावकाशच चाललं होतं. त्या सावकाश काळजानं ती बोलली.

“मी दिली तिला गोळी. आईची, रक्तदाबाची. ठोके कमी व्हायची. खांबासाठी.”

“आणि दमा आहे तिला?”

“हो.”

“अगं वेडे! ही गोळी दमेकऱ्याच्या श्वासाच्या नळ्या आवळते. आमचं औषध ज्या वाटेनं जातं ती वाटच बंद करते.” डॉक्टर बोलता बोलता वळल्या होत्या, परिचारिकेला दुसऱ्या औषधांची नावं सांगत होत्या. पडदा ओढला गेला.

सातपुते म्हणाले, “चला. कबूल केलंच आहेस आता.”

निकिता वाचली. हे प्रांजलला संध्याकाळी पोलीस ठाण्यात घुगेनं सांगितलं, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा ती रडली. आई आली होती. बाकावर एका टोकाला बसून होती आणि लेकीकडे बघत नव्हती. सह्या झाल्या, मुलीला आईच्या ताब्यात दिलं. दारापर्यंत सोडायला आलेली घुगे हळूच म्हणाली, “आता तरी नीट राहा बाई.”

“मी आधीपण नीटच होते, मॅडम,” प्रांजल म्हणाली. “तुमच्या खांबापाशी येईपर्यंत.”

घुगेनं दोघींसाठी दार उघडून धरलं.

शाळेनं आईला बोलावून सांगितलं की दाखला घेऊन जा. शाळेला आपल्या फाटकात पोलीस यायला नको होते. मिटकरी सर तिथंच बसले होते, टेबलावरचा पेपरवेट फिरवत. निघताना फक्त म्हणाले, “घरी अभ्यास चालू ठेव.” प्रांजलनं त्यांना नमस्कार केला नाही.

बाल न्याय मंडळापुढे सुनावणी एप्रिलच्या उन्हात झाली. न्यायाधीश निर्मला ओहोळ, शेजारी दोन सदस्य. पोलिसांचं म्हणणं असं, की या मुलीनं यंत्राला फसवण्यासाठी औषध वापरलं; यंत्राला फसवण्याची गरज गुन्हा करू पाहणाऱ्यालाच पडते. यंत्र बिनचूक आहे हे सांगायला खांब बसवणाऱ्यांचा अभियंता आला होता, शार्दूल गुजर नावाचा. नीटनेटका, पंचविशी-तिशीतला.

“घटनेच्या वेळी यंत्र बरोबरच होतं,” तो म्हणाला. “मुलीचे ठोके खरोखरच संथ होते. यंत्र ठोके मोजतं, श्वास नाही.”

“आणि या दुसऱ्या मुलीचे?” ओहोळ बाईंनी प्रांजलकडे बोट केलं. “तिचे वर्षभराचे दाखवा.”

गुजरनं भिंतीवर एक रेघ उमटवली. डावीकडे जूनच्या सुरुवातीला ती सपाट होती. मग एक उंच टोक. त्यानंतर ती खाली आलीच नव्हती. चौकात उंच, कालव्यावर उंच, पुढे पुढे तर खांबाच्या टप्प्यात पाऊल टाकल्यापासूनच उंच. जानेवारीपासून ती कापल्यासारखी खाली पडली होती.

“हे पहिलं टोक कशाचं?”

“पहिल्यांदा थांबवलं तेव्हाचं. त्या दिवशी ती धावत आली असावी. ठोक्यांच्या लयीवरून...” तो अडखळला. “यंत्र शिकत जातं, मॅडम. ज्याला एकदा थांबवलंय, त्याच्या बाबतीत ते जास्त जागं राहतं.”

“वस्तीतल्या बाकी मुलांचं?”

त्यानं एकेक रेघ भिंतीवर टाकली. सपाट, मग टोक, मग उंचच उंच. मुलं वेगळी, महिने वेगळे. रेघ एकच होती. शेवटची भिंतीवर आली तोवर गुजरचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“हवालदार,” ओहोळ बाई म्हणाल्या, “एवढ्या झडत्यांमध्ये या मुलांकडे सापडलं काय?”

सातपुत्यांनी घसा खाकरला. “एक पंप जप्त आहे. दम्याचा.”

खोलीत कुणी हसलं नाही.

मंडळानं प्रांजलला समज देऊन सोडलं. दोघींना जुलैच्या परीक्षेला बसवावं आणि शाळेनं प्रांजलला दाखला देऊन काढू नये, असं लिहिलं. खांब काढायला सांगणं मंडळाच्या हातात नव्हतं. ओहोळ बाईंनी तेवढं वर कळवू म्हणून सांगितलं. गुजरनं आपली पिशवी आवरता आवरता, जणू दिलासा द्यावा तशी माहिती दिली, की यंत्राची नवी आवृत्ती येतेय. तिच्यात अनैसर्गिक शांत ठोकेही लगेच ओळखू येतील.

“म्हणजे धडधडलं तरी धरणार आणि नाही धडधडलं तरी?” रंजना एकदम बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती उभी राहिली होती. “मग पोरींनी काळीज घरी ठिवून यायचं का, साहेब?”

प्रांजलनं आईकडे चमकून पाहिलं. हा आवाज तिनं घरात कधी ऐकला नव्हता. गुजरनं पिशवीची चेन ओढली. कुणीही रंजनाला बसायला सांगितलं नाही.

भिंतीवरच्या रेघा तशाच राहिल्या होत्या. ओहोळ बाई चष्मा काढून त्यांच्याकडे बघत होत्या. “मला एक सांगा,” त्या गुजरला म्हणाल्या. “एकदा वर गेलेली रेघ पुन्हा खाली यायला किती काळ लागतो? थांबवणं बंद केलं तर?”

“तेवढी माहिती आमच्याकडे नाही, मॅडम.”

“का?”

“कारण थांबवणं अजून कुणाचंच बंद झालेलं नाही.”

प्रांजल बाकावरून उठली आणि भिंतीजवळ गेली. तिला कुणी अडवलं नाही. आपल्या रेघेच्या डाव्या टोकाला, जूनच्या त्या सपाट तुकड्याला तिनं बोट लावलं. चार-दोन दिवसांचाच होता तो. त्या दिवसांत ती शाळेत काय काय बोलली, कुणाबरोबर हसली, ते तिला आठवून पाहायचं होतं आणि आठवत नव्हतं.

“पण येते का खाली?” तिनं विचारलं.